त्याला कधीच कळलं नसतं, मग फोटो काढायला काय हरकत होती? (फिलिपा फूट आणि सद्गुणांचं नीतिशास्त्र)

अनुस्वार

मिक्लुखो-मक्लाय हा एकोणिसाव्या शतकातला रशियन संशोधक. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर राहून तिथल्या लोकांचा अभ्यास करायचा. त्याच्याकडे तिथलाच एक माणूस कामाला होता. कामावर येतानाच त्याने अट घातली होती की माझा फोटो कधीही काढायचा नाही. फोटो काढला की माणसातलं काहीतरी काढून नेलं जातं, अशी तिथली समजूत होती. एके दिवशी हा माणूस गाढ झोपलेला असताना मक्लायला फार मोह झाला. अभ्यासासाठी असा नमुना पुन्हा मिळणार नव्हता आणि त्या माणसाला कधीच काही कळलं नसतं. पण दिलेला शब्द आठवला आणि त्याने फोटो काढला नाही.

रशियन विचारवंत क्रोपोत्किनने आपल्या आठवणींत ही गोष्ट सांगितली आहे. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी ती ‘नॅचरल गुडनेस’ या पुस्तकात घेतली. पुस्तक आलं २००१ मध्ये, तेव्हा बाई ८० वर्षांच्या होत्या.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९२०, इंग्लंड. आजोबा ग्रोव्हर क्लीव्हलंड, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. लहानपणी शाळा अशी नाहीच, घरी येणाऱ्या शिक्षिका. मग ऑक्सफर्डचं सॉमरव्हिल कॉलेज, ऐन महायुद्धात. १९४५ मध्ये छळछावण्यांची छायाचित्रं समोर आली आणि त्या हादरल्या. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये प्रतिष्ठित असलेली मतं साधारण अशी, की ‘हे वाईट आहे’ हे वाक्य वस्तुस्थिती सांगत नाही, बोलणाऱ्याची भावना किंवा भूमिका सांगतं. म्हणजे नाझी आणि आपण यांच्यात फरक एवढाच, की त्यांची भूमिका ती आणि आपली ही. फूटबाईंना हे मान्य होईना. पुढची पन्नासएक वर्षं त्या याच गाठीशी झगडत राहिल्या.

शब्द पाळणं, न्यायाने वागणं, धीर धरणं हे माणसाच्या जगण्यालाच लागतं, झाडाला मुळं लागतात तसं, असं त्यांचं शेवटचं म्हणणं. ज्याच्यात ते नाही त्याच्यात माणूस म्हणून काहीतरी उणं आहे.

मला तुमच्याकडून एवढंच हवंय. मक्लायने फोटो काढला असता तर नक्की काय चुकलं असतं? नुसतं ‘विश्वासघात’ म्हणून थांबू नका. ज्याला कधीच कळणार नव्हतं त्याचं काय बिघडलं, ते सांगा.

मेट्रिक_मन

काहीच चुकलं नसतं. नुकसान शून्य आणि ज्ञानात भर. शिवाय आज त्याच्या वंशजांना पूर्वजाचा एक चेहरा पाहायला मिळाला असता. जी गोष्ट कोणालाच दुखवत नाही ती वाईट कशी, हे मला खरंच कळत नाही. उत्तर ऐकायची तयारी आहे.

गोदाकाठ

वाचतोय. विषय आवडला. सविस्तर नंतर लिहितो.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे ‘त्याला कळणार नाही’ हे वाक्य माझ्या रोजच्या कामाचं आहे.

भूल दिलेल्या माणसाला काही कळत नाही, आणि कळू नये हेच तर माझं काम. अशा वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, कोण कसं वागतं ते बघण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. काही जण टेबलावरच्या बाईच्या पोटाच्या घेरावर बोलतात. कोणी कोणी मोबाईल काढतो, ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून. मी एका सिस्टरबरोबर बरीच वर्षं काम केलं. ऑपरेशनला जेवढा भाग उघडा लागतो तेवढाच त्या उघडा ठेवायच्या. काम संपलं की पहिल्यांदा चादर गळ्यापर्यंत ओढायच्या, मग बाकीची आवराआवर. रुग्णाला नाव घेऊन हाक मारायच्या, तो ऐकत नसताना. ‘काकू, झालं हं आता.’ त्यांना कोणी हे शिकवलं नव्हतं आणि बघायलाही कोणी येत नव्हतं.

मेट्रिक_मन, तुमच्या मोजणीत या दोन ओटींमध्ये फरक शून्य येतो. मी दोन्हीकडे उभी राहिले आहे. माझी आई कुठल्या ओटीत जावी, याचं उत्तर मला विचारही न करता देता येतं.

शेवंता

भूलभुलैया, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

मेट्रिक_मन

प्रतिसाद मनाला लागला, पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ओटीत असे नियम का हवेत? ते नसते तर लोक ऑपरेशनला घाबरले असते, डॉक्टरांवर विश्वास राहिला नसता. म्हणजे शेवटी परिणामच मोजले ना? एका फोटोचे नाही, पण सगळे असेच वागले तर काय होईल याचे.

अनुस्वार

मेट्रिक_मन, विश्वास नसेल तर माणसांचं काहीच चालणार नाही, हे फूटही म्हणतात. हा मुद्दा त्यांनी आपली मैत्रीण एलिझाबेथ ॲन्सकम यांच्याकडून घेतला. माणसाला दुसऱ्याच्या वागण्याची खात्री हवी असते आणि प्रत्येक वेळी जबरदस्तीने ती मिळवता येत नाही. म्हणून वचन ही गोष्ट माणसांना लागते, लांडग्यांना कळपाने शिकार करणं लागतं तशी.

पण मग त्या सिस्टर चादर ओढताना मनात काय म्हणत असतील? ‘मी चादर ओढली नाही तर आरोग्यव्यवस्थेवरचा विश्वास कमी होईल’? त्यांना समोर काकू दिसत होत्या. काकूंचं उघडं अंग हेच चादर ओढायचं कारण. त्या कारणाला आणखी एक कारण लागतं असं तुम्हाला वाटतं. फूट म्हणतात की न्यायी माणसाला ते तेवढ्यावरच दिसतं, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या विचारशक्तीतच उणीव आहे. माझ्या मते बाईंचं खरं धाडस इथे आहे. अनैतिक वागणारा माणूस हुशार असेलही, पण तो नीट विचार करत नाही, असं त्या सरळ म्हणतात.

दादर_फास्ट

फिलिपा फूट म्हणजे त्या ट्रॉलीवाल्या बाई ना? सुटलेल्या ट्रॉलीसमोर पाच जण एका रुळावर, एक दुसऱ्या रुळावर, खटका ओढून ती एकाकडे वळवायची का? आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये होतं. मी म्हटलं, पहिल्यांदा मेगाब्लॉक कधी आहे ते बघा, रविवारी रुळांवर माणसं असणारच. :)

सांजवेळ

दादर_फास्ट, हो, त्याच. आणि याच गोष्टीने त्यांच्यावर थोडा अन्याय झाला आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

हे उदाहरण ज्या लेखात आलं तो १९६७ चा, विषय गर्भपात. त्यात ही ट्राम जेमतेम काही ओळींत येते आणि एकटी येत नाही, जोडीला आणखी उदाहरणं आहेत. एक न्यायाधीश आहे. दंगल उसळून पाच जण मरतील म्हणून तो एका निरपराध माणसाला फाशी देऊ शकतो. प्रश्न असा, की ट्रामचा चालक एकाच्या अंगावर गाडी वळवतो तेव्हा आपल्याला ते पटतं, पण न्यायाधीशाने एकाला फासावर दिलं तर आपण शहारतो. दोन्हीकडे हिशेब पाचाला एक. मग फरक कशाचा?

म्हणजे नुसत्या आकड्यांनी भागत नाही हे दाखवायला त्यांनी हा सगळा खटाटोप केला. त्यांचं उत्तर होतं की कोणाला इजा न करणं हे कर्तव्य आणि मदत करणं हे कर्तव्य, दोन्ही एका वजनाची नाहीत. ट्रामवाल्यापुढे एकाला मारणं की पाचांना मारणं असा पेच आहे. न्यायाधीशापुढे एकाला मारणं की पाचांना वाचवणं असा. रुळाबाजूला खटका हातात घेऊन उभा असलेला तिऱ्हाईत आणि पुलावरचा जाडा माणूस (त्याला खाली ढकलून ट्राम थांबवायची का?) ही भर नंतर ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी घातली, ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ हे नावही त्यांचंच, १९७६ चं. पुढे चालकाविना मोटारींसाठी इंटरनेटवर लोकांना असेच प्रश्न विचारून सुमारे ४ कोटी उत्तरं गोळा झाली. जिने ‘मोजणी पुरत नाही’ म्हटलं, तिच्या उदाहरणाची शेवटी मोजणीच झाली.

मला स्वतःला ट्रॉलीचा कंटाळा आहे. आयुष्यात खटका ओढायची वेळ येत नाही. सिस्टरसारखी वेळ रोज येते.

रँडम_सॅम्पल

सगळं छान चाललंय, पण मानसशास्त्रवाल्याने विरजण घालायलाच हवं, कारण ही बाजू न मांडता चर्चा पुढे गेली तर ती अपुरी राहील.

१९७३ मधला डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग. प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे विद्यार्थी. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय चक्क बायबलमधली दयाळू शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत कोसळलेला, अर्थात ठरवून बसवलेला. ज्यांना ‘भरपूर वेळ आहे’ सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता यावरून लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही.

यावरून गिल्बर्ट हार्मन, जॉन डोरिस या तत्त्वज्ञांनी विचारलं, की हा ‘सद्गुणी स्वभाव’ आहे तरी कुठे? परिस्थिती बदलली की माणूस बदलतो. सिस्टर चांगल्या होत्या, मान्य. पण त्या ओटीत घाई किती होती, टेबलं किती होती, वरचे डॉक्टर कसे होते, हेही विचारा. मला चांगली माणसं शोधण्यापेक्षा चांगल्या ओटी बांधणं जास्त भरवशाचं वाटतं.

भूलभुलैया

रँडम_सॅम्पल, त्या ओटीत घाई भयंकर होती. सरकारी रुग्णालय होतं. पण तुमचं निम्मं खरं आहे. त्या सिस्टर बदलून गेल्यावर दोनतीन महिन्यांत तिथलं बोलणं बदलताना मी पाहिलं. चांगली ओटी त्यांच्यामुळेच होती. बांधणार म्हणजे शेवटी माणसातूनच बांधणार.

सांजवेळ

शिवाय त्या १० टक्क्यांचं काय? घाईत असूनही थांबलेले कोण होते, हे मला जास्त जाणून घ्यायचंय. सद्गुण सगळ्यांकडे असतात असं ॲरिस्टॉटलही म्हणत नाही. ते सवयीने, वर्षानुवर्षं करून येतात.

निळी_पाटी

ॲरिस्टॉटलचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो, आणि हे मी अगदी मनापासून विचारतोय.

‘माणसाच्या निसर्गाला काय लागतं यावरून चांगलं-वाईट ठरवा.’ बरं. ॲरिस्टॉटलने याच वाटेने जाऊन काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं लिहून ठेवलं. आपल्याकडे तर स्वभाव, गुण आणि कर्म यांच्या नावावर कोणी काय करायचं ते जन्माआधीच ठरलं. आमच्या आजोबांना ‘तुमचा धर्म हाच’ असं सांगणारी माणसं स्वतःला सद्गुणीच समजत होती. नम्रता, सेवा, समाधान हे सगळे सद्गुण खालच्याने पाळायचे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम तुम्हाला कृती सांगतो, तत्त्व निवाडा कसा करायचा ते सांगतं. कृती एक वेळ चुकेल, पण ती जबाबदारीने केलेली असली पाहिजे. मला सद्गुणांच्या भाषेत हा निवाड्याचा हक्क कुठे आहे ते दाखवा. नाहीतर ‘चांगला माणूस’ म्हणजे गावाने चांगला ठरवलेला माणूस, एवढंच उरतं.

रेवा

निळी_पाटी यांना अनुमोदन. माझा प्रश्न लहान आहे पण त्याच जातीचा. आम्ही दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. ‘जिवाच्या जातीला काय लागतं’ म्हटलं की पुढचं वाक्य काय येणार हे मला पाठ आहे.

अनुस्वार

रेवा, हा प्रश्न फूटनी स्वतःच घेतला आहे. झाडाला बी धरलं नाही तर ते झाड म्हणून उणं. पण माणसाने ठरवून मूल नको म्हणणं किंवा अविवाहित राहणं याला उणीव म्हणता येत नाही, असं त्या स्पष्ट लिहितात. कारण माणसाचं भलं झाडाच्या भल्यासारखं नसतं. माणसाला कारणं असतात, दुसरी कामं असतात, आणि ती चांगली असू शकतात.

निळी_पाटी, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर फूटमध्ये मला सापडत नाही. एवढं मात्र आहे की त्यांच्या यादीत न्याय वरच्या पायरीवर आहे, आणि त्यांची ‘माणसाला लागतं’ ही कसोटी सगळ्या माणसांना लागू आहे. ज्या व्यवस्थेत एकाला पाण्याला हात लावता येत नाही, ती व्यवस्था माणसाला काय लागतं याच कसोटीवर नापास होते. पण कसोटी कोण लावणार हा तुमचा प्रश्न उरतोच. गावच लावणार असेल तर गाव स्वतःला पासच करणार.

निळी_पाटी

उरतो हे मान्य केलंत, त्याबद्दल आभार. यावर वेगळा धागा काढीन.

गोदाकाठ

सविस्तर लिहितो म्हटलं होतं, आता लिहितो.

मी एका सरकारी खात्यात अभियंता होतो, निवृत्त झालो. आमच्याबरोबर एक जण होते, बिलावर खोटी सही करायचे नाहीत. त्यांच्या बदल्या कुठे कुठे झाल्या ते लिहीत नाही. मुलांच्या शाळा मोडल्या, बायकोचं दुखणं वाढलं. ज्यांनी सह्या केल्या त्यांचे बंगले उभे आहेत, झोपही त्यांना चांगली लागते. ‘प्रामाणिक माणूस शेवटी सुखी होतो’ हे मुलांना सांगताना माझी जीभ अडते. फूटबाई याचं काय करतात?

अनुस्वार

गोदाकाठ, बाईंनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला, आणि उत्तर दोनदा बदललं. म्हणूनच मला त्या जवळच्या वाटतात.

१९५८ च्या सुमारास त्या म्हणत होत्या, की सद्गुण हे ज्याच्यात असतात त्याच्याच हिताचे असायला हवेत, नाहीतर न्यायाला सद्गुण म्हणायचं कशाला? १९७२ मध्ये त्यांनी ते सोडलं. न्यायाने वागण्याचं कारण प्रत्येकाकडे असेलच असं नाही, ज्याला न्यायाची चाड आहे त्याच्याकडे ते आहे, असं म्हणाल्या. लोक चिडले. नीतीचा पायाच गेला म्हणाले. त्यांनी उत्तर दिलं की आपण नीतीच्या सैन्यात सक्तीने भरती झालेलो नाही, स्वेच्छेने आलेलो आहोत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या वेढ्यातल्या लेनिनग्राडच्या लोकांची आठवण त्यांनी त्या लेखात काढली आहे. आणि २००१ मध्ये त्यांनी हेही मत सोडलं.

शेवटच्या पुस्तकात त्या नाझींना नकार देऊन मृत्युदंड झालेल्या जर्मनांची पत्रं वाचतात. त्यात सुडेटेनलँडमधला एक शेतकऱ्याचा मुलगा आहे. ३ फेब्रुवारी १९४४ ला तो आईवडिलांना लिहितो, की वाईट बातमी आहे, मला आणि माझ्या मित्राला फाशीची शिक्षा झाली, आम्ही एसएस या नाझी दलात भरतीची सही केली नाही म्हणून. असल्या कृत्यांनी मनावर डाग पाडून घेण्यापेक्षा मरण बरं.

फूट विचारतात, या मुलाने आपलं सुख दिलं का? दिलं. घर, शेत, पुढचं आयुष्य, सगळं चांगलं होतं आणि ते गेलं. त्याला ते गमावल्याचं दुःख नव्हतं असं त्या म्हणत नाहीत. पण सही करून तो सुखी झाला असता का? एका अर्थी नाही, कारण ज्याला तो सुख म्हणत होता ते त्या सहीच्या पलीकडे उरतच नव्हतं. तुमच्या सहकाऱ्यांनी सही केली असती तर बंगला मिळाला असता. ज्या आयुष्याला ते आपलं म्हणत होते ते मिळालं असतं का, हे त्यांनाच माहीत.

गोदाकाठ

ते आता नाहीत. त्यांच्या मुलीला मी हे दाखवीन. तिला वडिलांचा राग आहे, आणि तो खोटा नाही. पत्रातल्या त्या शेतकऱ्याच्या मुलाने स्वतःचा जीव दिला. आमच्या मित्राने सही न केल्याची किंमत घरच्यांनीही दिली. याबद्दल फूट काही म्हणत असतील तर सांगा, मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

मेट्रिक_मन

गोदाकाठ यांचा प्रश्न मला या धाग्यातला सगळ्यात कठीण वाटतो. आणि इथे मोजणीला जागा आहे असं मी अजूनही म्हणेन. बायकोचं दुखणं, मुलांच्या शाळा ही गंभीर नुकसानं आहेत. ‘त्यांनी सद्गुण जपला’ म्हणून ती पुसली जात नाहीत. कोणीतरी ती मोजली पाहिजेत. ओटीच्या बाबतीत मात्र भूलभुलैया यांच्या उदाहरणापुढे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

शेवंता

मला एक घरचं विचारायचंय, धाग्याशी जोडलेलं आहे.

सासूबाईंना डिमेन्शिया आहे. नणंद त्यांचे व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकते. कधी त्या जुनी गाणी म्हणतात, कधी मुलाला ‘तू कोण रे’ विचारतात, कधी पदर नीट नसतो. सगळे बदाम पाठवतात. नणंद वाईट नाही, आईच्या आठवणी जपतेय. पण सासूबाई पूर्वी फोटोच्या आधी आरशासमोर जाऊन यायच्या. आता त्यांना काहीच कळत नाही. आणि त्यांनी कोणाकडून वचन वगैरे घेतलेलं नाही.

भूलभुलैया

शेवंता, वचन नसलं तरी माहिती आहे ना तुम्हाला, त्या आरशासमोर जायच्या ते. काढण्याआधी पदर सारखा करा, केस विंचरा आणि विचारा, ‘आई, फोटो काढू का?’ उत्तर विसरल्या तरी विचारा. ‘तू कोण रे’वाले काढूच नका.

सांजवेळ

गाण्याचे ठेवा. त्यात त्या अजून आहेत.

रँडम_सॅम्पल

नणंदेला एकटीला फोनवर सांगा, ग्रुपवर नको. सगळ्यांसमोर टोकलं की माणूस आपली बाजू लढवतो, ऐकत नाही. आणि फोटो कधी काढायचे हे तिलाच ठरवू द्या, सासूबाईंची वेणीफणी झाल्यावर वगैरे.

शेवंता

रविवारी ती येतेय. फोनपेक्षा समोरच बोलते. गाण्यांची एक वही आहे सासूबाईंच्या अक्षरातली, ती तिला देणार आहे, म्हणजे कुठलं गाणं म्हणायला लावायचं ते कळेल.

अनुस्वार

गोदाकाठ, तुमचा प्रश्न सोडलेला नाही. आपल्या सद्गुणाची किंमत दुसऱ्याने देणं यावर फूटपेक्षा रोझलिंड हर्स्टहाउस यांच्याकडे जास्त सापडेल असं वाटतं, ‘ऑन व्हर्च्यू एथिक्स’, १९९९. काही पेचांतून चांगला माणूसही स्वच्छ हातांनी बाहेर पडत नाही आणि त्याने खंत बाळगणं योग्यच असतं, अशी मांडणी त्यात आहे. ते प्रकरण पुन्हा वाचून इथेच लिहिते. निळी_पाटी, तुमचा धागा आला की दुवा द्या.